पाब्लो कझाल्स: चेलोवादनात त्याने नेमके काय बदलले?

खर्जातला:

चेलो (व्हायोलिनच्या जातीचे, बसून वाजवायचे मोठे वाद्य) वाजवणाऱ्या पाब्लो कझाल्सचे नाव निघाले की दोन गोष्टी हमखास सांगितल्या जातात. एक, बाख या जर्मन संगीतकाराचे हरवलेले चेलो सुइट (नृत्यरचनांच्या मालिका) त्याने शोधून काढले. दोन, स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याच्या निषेधार्थ त्याने जाहीर वादन बंद केले. दुसरी खरी आहे, पहिली अर्धीच खरी. आणि या दोन्हींच्या नादात मुख्य काम झाकले जाते. डाव्या हाताची बोटे कशी टाकायची, उजवा कोपर कुठे ठेवायचा, सूर किती चढा घ्यायचा, हे सगळे त्याने नव्याने बसवले. आज चेलोच्या वर्गात जे पहिल्या वर्षी शिकवले जाते, त्यातले बरेचसे त्याच्या आधी चुकीचे मानले जात होते. म्हणून हा धागा. आधी आयुष्याचा आराखडा देतो, मग जाणकारांनी भर घालावी.

जन्म २९ डिसेंबर १८७६, कातालोनियातल्या एल व्हेंद्रेल गावी. वडील कार्लेस चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे. आई पिलार देफिल्यो मूळची प्वेर्तो रिकोतल्या मायाग्वेसची. पियानो, ऑर्गन, व्हायोलिन घरातच आले. फिरत्या वादकांचे पाहून वडिलांनी भोपळ्याचे एक तंतुवाद्य करून दिले होते. खरा चेलो ऐकला तो ११व्या वर्षी, झुझेप गार्सियाने व्हेंद्रेलला वाजवला तेव्हा. वडिलांच्या मते मुलाने सुतारकाम शिकावे, आईचा आग्रह संगीताचा. आईचे चालले. १८८८मध्ये बार्सिलोनाच्या नगरपालिका संगीतशाळेत गार्सियाकडेच शिक्षण सुरू झाले. खर्चासाठी ग्रासिया भागातल्या कॅफे तोस्तमध्ये संध्याकाळी वाजवणे. तिथे संगीतकार आल्बेनिझने त्याला ऐकले आणि माद्रिदच्या काउंट मोर्फीच्या नावे चिठ्ठी दिली. त्या चिठ्ठीने राणी मारिया क्रिस्तीनाच्या दरबाराची शिष्यवृत्ती मिळवून दिली.

पुढे ब्रसेल्स, मग पॅरिसमध्ये हलाखी, १८९६मध्ये बार्सिलोनाला परत. गार्सियाची शाळेतली जागा आणि लिसेऊ ऑपेरात पहिला चेलो. नोव्हेंबर १८९९मध्ये पॅरिसला लामूरच्या वाद्यवृंदाबरोबर लालोचा कन्चर्टो (एकल वाद्य आणि वाद्यवृंद यांची रचना) वाजवला आणि तिथून नाव झाले. १९०५च्या सुमारास पियानोवादक कॉर्तो आणि व्हायोलिनवादक थिबो यांच्याबरोबर त्रिकूट जमले, ते १९३०च्या दशकापर्यंत चालले. १९२०मध्ये बार्सिलोनात स्वतःचा वाद्यवृंद उभा केला. १९३९पासून फ्रान्समधल्या प्राद गावी निर्वासित. १९५०च्या दशकाच्या मध्यापासून प्वेर्तो रिको. २२ ऑक्टोबर १९७३ला सान हुआनमध्ये मृत्यू, वय ९६. फ्रँको गेल्यानंतर, १९७९मध्ये, त्याचे अवशेष व्हेंद्रेलला नेले.

नीलांबरी:

धागा काढलात ते फार बरे केलेत. डाव्या हाताबद्दल मी लिहिते, कारण तिथे आकडे पाहिल्याशिवाय मुद्दा कळत नाही.

व्हायोलिनची वाजती तार साधारण ३३ सेंमी, चेलोची ६९ ते ७०. चेलोवर (तारा जाडीकडून सी, जी, डी, ए) नटजवळचा, म्हणजे तार जिथून सुरू होते त्या पट्टीजवळचा, पहिला अर्धस्वर जवळजवळ ३.९ सेंमीचा पडतो. पहिल्या पोझिशनमध्ये, म्हणजे हात नटजवळ असताना, ए तारेवर पहिले बोट बी वर आणि चौथे डी वर ठेवले तर दोन्हींत सुमारे पावणेदहा सेंमी अंतर असते. म्हणजे चार बोटांत फक्त तीन अर्धस्वर मावतात. व्हायोलिनवादक त्याच चार बोटांत सहज पाच अर्धस्वर घेतो. त्यामुळे जुन्या पद्धतीत चेलोवादकाला सारखा अख्खा हात सरकवावा लागे. प्रत्येक सरकण्याबरोबर तारेवर घसरल्याचा आवाज येई आणि तो आवाज 'भाव' म्हणून खपवला जाई.

कझाल्सने हात उघडायची सवय लावली. ज्याला एक्स्टेन्शन म्हणतात ते त्याच्या आधीही होते, पण अडचणीच्या जागी वापरायची युक्ती म्हणून. त्याने ते रोजच्या वापरात आणले. पहिले बोट मागे बी फ्लॅटवर नेले की हाताचा पल्ला सुमारे साडेतेरा सेंमी होतो आणि चार अर्धस्वर एका जागेत बसतात. डी मेजरमध्ये जी तारेवर ए, बी, सी शार्प हवे असतील तर पहिले, दुसरे, चौथे बोट. हात हलत नाही. सरकणे कमी झाले की वाक्य कुठे तोडायचे ते वादक ठरवतो, पोझिशन ठरवत नाही. आणि मग जिथे मुद्दाम सरकायचे आहे, तिथले सरकणे खरोखर ऐकू येते.

चुकते कुठे? पुढच्या एक्स्टेन्शनमध्ये दुसरे बोट पूर्ण स्वर पुढे जाते, तेव्हा अंगठाही त्याच्याबरोबर मानेमागे पुढे सरकला पाहिजे. अंगठा पहिल्या बोटासमोरच अडकून राहिला तर तळहात आवळतो, चौथे बोट आडवे पडते आणि सी शार्प हमखास उतरा लागतो. मागच्या एक्स्टेन्शनमध्ये उलट: अंगठा दुसऱ्या बोटासमोर जागेवरच, पहिले बोट सरळ होऊन कडेच्या गादीवर टेकते. कोपर किंचित वर. मनगट आत कोसळले की समजावे, ताण चुकीच्या जागी जातो आहे.

दुसरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे सोडणे. ताणलेला हात ताणलेलाच ठेवायचा नाही. चौथे बोट वाजले की पहिले मोकळे, हात मिटू द्यायचा. पूर्ण ओळभर हात उघडा ठेवला तर अंगठ्याच्या मुळाशी दुखणे सुरू होते, आणि ते लवकर जात नाही.

तिहाई:

नीलांबरी, बोट आपटण्याबद्दलही लिहा ना. त्याच्या मुद्रणांत गज नसतानाही स्वर सुरू झाल्यासारखा ठोका ऐकू येतो.

नीलांबरी:

हो, ते राहिलेच. चढताना बोट वरून जोरात आणि नेमके पडते, त्यामुळे गज सलग असला तरी प्रत्येक स्वराला स्वतःची सुरुवात मिळते. उतरताना बोट नुसते उचलायचे नाही, तार बाजूला किंचित खुडून सोडायची. डाव्या हाताच्या पित्सिकातोसारखे (बोटाने तार छेडण्यासारखे), पण फार हलके. खुडले नाही तर उतरते स्वर एकमेकांत विरघळतात, विशेषतः सी आणि जी तारांवर, कारण जाड तार उशिरा बोलते. सराव गज बाजूला ठेवून करावा: सप्तक वर आणि खाली, फक्त डावा हात, आणि शेजारच्या खोलीत चाल ओळखू आली पाहिजे. जोर बोटाच्या मुळाच्या सांध्यातून यावा. दंडातून आणला तर आवाज येतो, पण बोट तारेवर पडून राहते आणि पुढचा स्वर उशिरा येतो.

पणजीकर:

गजाबद्दल.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी विद्यार्थ्याच्या उजव्या काखेत पुस्तक ठेवून वाजवायला लावत. पुस्तक पडले म्हणजे चूक. त्यात कोपर अंगाला चिकटतो, गजाच्या टोकाकडे पोचताना मनगट वाकडे होते आणि गज तारेला काटकोनात राहत नाही. तो तिरपा झाला की संपर्काची जागा आपोआप फिंगरबोर्डकडे (बोटे टेकतात त्या पट्टीकडे) घसरते आणि स्वर पोकळ होतो. कझाल्सला हे विद्यार्थिदशेतच पटले नाही. त्याने हात खांद्यापासून मोकळा सोडला. तार बदलली की कोपराची उंचीही बदलते.

चेलोच्या गजाचे वजन साधारण ८० ग्रॅम असते. तेवढ्याने सी तार बोलत नाही, हाताचे वजन लागते. दाबणे आणि वजन सोडणे यातला फरक असा ओळखायचा: दाबताना अंगठा ताठ होतो, वजन सोडताना अंगठ्याचा सांधा वाकलेला राहतो. ब्रिजजवळ (तारा ज्यावर टेकतात त्या घोडीजवळ) गज वेगाने आणि हलका गेला तर शिट्टी येते. फिंगरबोर्डजवळ हळू आणि जड गेला तर स्वर चिरडतो. ब्रिजजवळ हळू व जड, दूर गेल्यावर वेगवान व हलका, हे गणित आहे. पण कझाल्स एका लांब स्वरातसुद्धा जागा बदलतो. सपाट स्वर त्याला मान्यच नव्हता. लांब स्वर एकतर वाढेल किंवा मावळेल, आणि पुष्कळदा मावळेल, कारण आघातानंतर ओसरणे हा स्वराचा स्वभाव आहे असे तो शिकवायचा.

व्हिब्रातोही, म्हणजे बोट हलवून सुराला दिलेला कंपही, तसाच. सतत चालू नाही. त्याच्या कुठल्याही सराबांदमध्ये (सुइटमधल्या संथ नृत्यभागात) कोरडे, म्हणजे कंपाविना ठेवलेले स्वर वहीत टिपून काढा, ते बहुतेक वाक्याच्या शेवटी किंवा विसंवादी सुरावर असतात.

षड्जपंचम:

आता सुराचा विषय, कारण आपल्याकडच्या वाचकाला इथे सगळ्यात जास्त रस असेल.

कझाल्स ज्याला अभिव्यक्त सूर म्हणायचा त्यात मुख्य गोष्ट ही: अर्धस्वर अरुंद घ्यायचे. ज्या स्वराला वर जायचे आहे तो वरच्या स्वराला खेटून, खाली जायचे आहे तो खालच्याला खेटून. सप्तकाचे १२०० सेंट धरले तर पियानोवरचा शुद्ध निषाद ११००वर, १५/८ या गुणोत्तराचा १०८८वर आणि पंचमांच्या साखळीतून येणारा १११०वर. कझाल्सचा कल या तिसऱ्याकडे. म्हणजे नी आणि वरचा सा यांत ९० सेंट, पियानोपेक्षा १० कमी आणि १५/८ पेक्षा २२ कमी. यमन ऐकणाऱ्याला २२ सेंट म्हणजे काय ते वेगळे सांगायला नको.

उदाहरण पहिल्या सुइटच्या प्रेल्यूडचे, म्हणजे सुरुवातीच्या भागाचे घेऊ. पहिल्या चार मात्राखंडांत खाली मोकळी जी तार ठेवलेली आहे. पहिल्यात जी, डी, बी. दुसऱ्यात जी, ई, सी. तिसऱ्यात जी, एफ शार्प, सी. चौथ्यात जी, जी, बी. तिसऱ्यातला एफ शार्प चौथ्यात जी वर जाणार आहे. तो चढा घेतला की तिसरा मात्राखंड ऐकतानाच कानाला जी हवासा वाटतो. तो मऊ, उतरा घेतला तर ती ओढ जाते, नुसता विसंवाद उरतो.

नीलांबरी:

इथे माझा थोडा विरोध आहे. एफ शार्प मान्य. पण पहिल्या मात्राखंडातल्या बी चे काय करणार? खाली जी आणि डी दोन्ही मोकळ्या तारा घुमत असतात. जी पासून बी चा तिसरा, पंचमसाखळीने ४०८ सेंट, शुद्ध ३८६. चढा बी घेतला तर उघड्या तारांशी भांडतो. चेलोचे शरीर मोठे, तारा बराच वेळ घुमतात, त्यामुळे हे भांडण लपत नाही.

षड्जपंचम:

बरोबर आहे तुमचे, आणि इथेच कझाल्सच्या पद्धतीची मर्यादा दिसते. तंबोऱ्याच्या खर्जातून जो गांधार आपोआप ऐकू येतो तो ३८६चाच. आपला कान त्यावर पोसलेला आहे, म्हणून ४०८चा गांधार आपल्याला तीव्र लागतो. कझाल्स आडवा विचार करतो: स्वर कुठून आला, कुठे निघाला. उभा विचार, म्हणजे या क्षणी खाली काय घुमते आहे, त्याच्याकडे दुय्यम.

व्यवहारात उपाय असा. बी आणि मोकळी डी एकत्र वाजवून पाहा. षष्ठ निवांत झाला, ठोके थांबले, की तो ८८४ सेंटचा शुद्ध षष्ठ, बी उतरा. आता तोच बी चालीत सी कडे जाताना घ्या आणि बोट किंचित पुढे झुकवा. त्या जागी २२ सेंट म्हणजे तारेवर साधारण ८ मिलिमीटर, बोटाच्या गादीच्या अर्ध्या रुंदीइतके. दोन्ही जागा हाताला माहीत पाहिजेत. पहिल्या मात्राखंडात बी स्थिर आहे, तिथे तो उतरा ठेवला तर कझाल्सच्या विचाराला धक्का लागत नाही, कारण त्या बी ला तिथे कुठे जायचेच नाही.

खर्जातला:

वा! हे दोन्ही प्रतिसाद वरच्या लेखात जोडायला हवेत.

आता सुइट 'हरवले' होते का, ते. हरवले नव्हते. बाखने ते बहुधा कोथेनमध्ये, १७१७ ते १७२३ या काळात लिहिले. त्याच्या हातची प्रत उरलेली नाही, पण पत्नी आना माग्दालेनाने केलेली नक्कल आहे, केल्नरची आणखी एक आहे. १८२०च्या दशकात पॅरिसला छापील आवृत्ती निघाली. शूमानने १८५३मध्ये त्यांना पियानोची साथ लिहिली. एकोणिसाव्या शतकातले चेलोवादक ते ओळखत होते. पण सरावाचे धडे म्हणून, किंवा मैफलीत एखादी सराबांद सुटी काढून.

१८९०मध्ये, वडिलांबरोबर बार्सिलोनाच्या बंदराजवळच्या एका जुन्या दुकानात, १३ वर्षांच्या कझाल्सला हे सहाही सुइट एकत्र मिळाले, ग्रुट्समाखरच्या आवृत्तीत. त्याने स्वतःच सांगितल्याप्रमाणे सुमारे १२ वर्षे रोज त्यावर काम केल्यावर एक अख्खा सुइट लोकांसमोर वाजवायचे धाडस झाले. नवे होते ते हे: प्रेल्यूडपासून जीगपर्यंत सहाही भाग, साथीशिवाय, मुख्य कार्यक्रम म्हणून. एकट्या चेलोने मैफल भरू शकते ही कल्पनाच तेव्हा लोकांना विचित्र वाटायची.

तिहाई:

प्रत्येक सुइटमध्ये सहा भाग म्हणजे प्रेल्यूड, आलमांद, कूरांत, सराबांद, मग मिन्युएट/बूरे/गावोत यांपैकी एक जोडी आणि शेवटी जीग. पहिल्या दोन सुइटमध्ये मिन्युएट, तिसऱ्या-चौथ्यात बूरे, पाचव्या-सहाव्यात गावोत. नव्याने ऐकणाऱ्यांनी हा नकाशा समोर ठेवावा, वाट चुकत नाही.

नीलांबरी:

त्यात दोन अडचणीच्या जागा आहेत, त्या सांगते. पाचवा सुइट सी मायनरमध्ये, आणि बाखने ए तार एक स्वर उतरवून जी ला लावायला सांगितली आहे. तशी लावली की नाद गडद होतो आणि काही जोडस्वर हाताला सोपे पडतात. पण नोटेशन बोटांच्या जागेप्रमाणे लिहिलेले असते, म्हणून वरच्या तारेवर डोळ्याला दिसते एक आणि कानाला येते दुसरे. साध्या जुळणीत वाजवायचे तर तशी वेगळी आवृत्ती घ्यावी, मूळ पानावरून वाजवू नये.

सहावा पाच तारांच्या वाद्यासाठी आहे, ए च्या वर ई. चार तारांवर तो वाजवायचा तर अंगठा तारेवर टाकून वरच्या सप्तकात जावे लागते. तिथे अंगठा म्हणजे हलता नट. तो सांध्याच्या कडेने दोन तारांवर सपाट आणि पक्का बसला नाही तर वरचे सगळे स्वर एकदम बेसूर होतात, एखादा नाही. वरच्या सप्तकाच्या सुरुवातीला अर्धस्वर २ सेंमीहून कमी उरतो, त्यामुळे बोटे जवळ आणायची सवय वेगळी लावावी लागते.

रानजाई:

ध्वनिमुद्रणे कोणती आणि कोणत्या क्रमाने ऐकावीत?

तिहाई:

सुइटची मुद्रणे त्याने सलग केली नाहीत. दुसरा आणि तिसरा नोव्हेंबर १९३६मध्ये लंडनला, पहिला आणि सहावा जून १९३८मध्ये पॅरिसला, चौथा आणि पाचवा जून १९३९मध्ये पुन्हा पॅरिसला. तारखा लक्षात ठेवून ऐका. १९३६च्या जुलैमध्ये स्पेनमध्ये यादवी पेटली, १९३९च्या जानेवारीत बार्सिलोना पडले. पाचवा सुइट त्यानंतरचा आहे.

७८ गतीच्या १२ इंची तबकडीवर एका बाजूला साधारण साडेचार मिनिटे मावत. मेणावर थेट मुद्रण, जोडकाम शक्य नाही. एक स्वर गेला की सगळी बाजू पुन्हा. म्हणून काही ठिकाणी पुनरावृत्ती गाळलेल्या आढळतील आणि लय कधी कधी आजच्यापेक्षा धावती वाटेल. तबकड्यांची खरखर काढून टाकलेल्या आवृत्त्या घेताना सांभाळा: फार साफ केलेल्यांत बोटांचे ठोके आणि गजाचा खरपूसपणाही पुसला जातो, आणि कझाल्समध्ये ऐकायचे तेच तर आहे. थोडी खरखर असलेली घ्या.

क्रम माझ्या मते असा. आधी दुसऱ्या सुइटचा प्रेल्यूड, कारण एकच ओळ, गोंधळ नाही. मग पाचव्याची सराबांद. तीत एकही जोडस्वर नाही, नुसते एकेक स्वर, आणि कोरडा-ओला फरक लगेच कळतो. मग एप्रिल १९३७चा द्वोर्झाकचा कन्चर्टो, प्राग, चेक फिलहार्मोनिक, संचालक सेल. त्रिकुटासाठी १९२६चा शुबर्ट बी फ्लॅट आणि १९२८चा बीथोव्हनचा 'आर्चड्यूक'. १९१५ची सुरुवातीची मुद्रणे शेवटी ऐका, म्हणजे तो स्वतः किती बदलला ते कळते. तिथे सरकते स्वर आहेत.

पणजीकर:

त्याच्या वाद्याचा उल्लेख राहिला. मुख्य चेलो व्हेनिसच्या मातेओ गोफ्रिलेरचा. बराच काळ तो कार्लो बेर्गोन्झीचा समजला जायचा. स्त्रादिव्हारी त्याने आपला केला नाही. गोफ्रिलेरचा खर्ज जाड, किंचित खडबडीत, आणि त्याच्या बोलण्यासारख्या वादनाला तो शोभतो.

खर्जातला:

आता शांत बसण्याबद्दल, कारण ते भावनेच्या भरात सांगितले जाते आणि त्यातला क्रम हरवतो.

१९३३पासून त्याने जर्मनीत वाजवणे बंद केले, जर्मन वाद्यवृंद-संचालक फुर्टवेंगलरचे आमंत्रण असूनही. १८ जुलै १९३६ला बार्सिलोनात बीथोव्हनच्या नवव्या सिंफनीची तालीम चालू असताना बंडाची बातमी आली. शेवटचा भाग पूर्ण करून वादक पांगले. १९३९ला प्राद. सीमेपलीकडच्या छावण्यांत लाखो स्पॅनिश निर्वासित होते, त्यांच्यासाठी पैसे, कपडे, अन्न जमवणे आणि पत्रे लिहिणे हे त्याचे रोजचे काम झाले. युद्धकाळात जर्मन अधिकारी घरी येऊन बर्लिनला वाजवायचे आमंत्रण देऊन गेले, ते त्याने नाकारले.

१९४५मध्ये तो ब्रिटनमध्ये वाजवायला गेला. फ्रँकोला दोस्त राष्ट्रे हटवतील ही आशा होती. तसे होत नाही हे दिसल्यावर त्याने कार्यक्रम थांबवले, ऑक्सफर्ड आणि केंब्रिजच्या मानद पदव्याही घेतल्या नाहीत. फ्रँकोच्या सरकारला मान्यता देणाऱ्या देशात जाहीर वादन नाही, असा नेम. १९५०मध्ये, बाखच्या मृत्यूला २०० वर्षे झाली तेव्हा, व्हायोलिनवादक अलेक्झांडर श्नायडरने तोडगा काढला: तुम्ही येत नसाल तर आम्ही प्रादला येतो. स्टर्न, सिगेती, सेर्किन, क्लारा हास्किल, होर्शोव्स्की असे लोक त्या छोट्या गावात आले. मैफली गावच्या चर्चमध्ये झाल्या.

१३ नोव्हेंबर १९६१ला तो व्हाइट हाउसमध्ये केनेडींसमोर वाजला, वय ८४. मेंडेलसोनचे डी मायनर त्रिकूट, कूपरँ, शूमान आणि शेवटी 'पक्ष्यांचे गाणे' ही कातालान लोकधून. तिथेच तो १९०४मध्ये थिओडोर रूझवेल्टसमोर वाजला होता. अमेरिकेने फ्रँकोला मान्यता दिलेली होती, म्हणून या मैफलीवर तेव्हाही टीका झाली आणि आजही होते. मला ती टीका अन्यायाची वाटते. बंद दाराआड राष्ट्राध्यक्षाला तोंडावर सांगण्याची ती संधी होती, आणि त्याने ती तशीच वापरली.

रानजाई:

१९०१च्या अपघाताबद्दल वाचले होते. बोटे खरोखर गेली होती का?

नीलांबरी:

गेली नव्हती, चेंगरली होती. अमेरिकेच्या दौऱ्यात, सान फ्रान्सिस्कोजवळ तामालपाइस डोंगर उतरताना वरून सुटलेला दगड डाव्या हातावर आला. काही महिने वादन बंद. त्या क्षणी आपल्या मनात पहिला विचार आला तो 'आता पुन्हा वाजवावे लागणार नाही' हा, असे त्याने नंतर सांगितले. मंचाची भीती त्याला आयुष्यभर होती. ती कमी व्हावी म्हणून काही वेगळे उपाय त्याने केल्याचे दिसत नाही. रोज सकाळी पियानोवर बाखचे प्रेल्यूड आणि फ्यूग, मग चेलो, हा क्रम मात्र ठरलेला.

शिकवण्याबद्दल एक प्रसिद्ध प्रसंग आहे, तो इथे हवा. बर्नार्ड ग्रीनहाउस युद्धानंतर प्रादला त्याच्याकडे शिकला. डी मायनर सुइट त्याने ग्रीनहाउसकडून बोट न बोट, गज न गज स्वतःसारखा बसवून घेतला. पूर्ण बसल्यावर कझाल्सने चेलो घेतला आणि तोच सुइट सगळी बोटे आणि सगळे गज बदलून वाजवून दाखवला. म्हणून त्याच्या नावाने छापलेल्या खुणा 'अंतिम' मानून घोकणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

कोकणकडा:

धागा सुंदर चालला आहे. एक व्यवहाराचा प्रश्न. कझाल्सच्या काळी वरच्या दोन तारा साध्या गटच्या (आतड्याच्या) आणि खालच्या दोन धातू गुंडाळलेल्या गटच्या असत. तसा आवाज हवा असेल तर मुंबईत किंवा गोव्यात गट टिकते का?

पणजीकर:

टिकते, पण जुलै-ऑगस्टमध्ये वाजवण्यापेक्षा सूर लावण्यातच वेळ जातो. वाद्याला ४० ते ६० टक्के आर्द्रता मानवते. पावसाळ्यात किनाऱ्यावर ती ८०च्या वर जाते. गट ओलावा पितो, फुगतो, सूर हलतो. त्यातही ए तार आधी उसवते: बोटाखाली केसासारखे तंतू उठले की नखकात्रीने कापून टाका, ओढू नका. तंतू खूप झाले की बदला.

तारांपेक्षा लाकडाची काळजी जास्त. वरची फळी फुगते, ब्रिज उंचावतो, तारा बोटांना जड लागतात. फिंगरबोर्डच्या टोकाशी स्टीलच्या तारांची उंची ए ला साधारण ५ ते ५.५ मिमी, सी ला ८च्या आसपास असावी. गटला थोडी जास्त चालते. पावसाळ्यात याहून २ मिमी वाढली तर ब्रिज कापू नका. हिवाळ्यात फळी खाली बसते आणि कापलेला ब्रिज मग तोकडा पडतो. दुसरा, थोडा बुटका ब्रिज करवून ठेवणे बरे.

फळी आणि कडा यांचा सांधा सुटला तर एका ठरावीक स्वरावर झंकार येतो. बोटाच्या गाठीने कडेकडेने ठोकत जा, सुटलेल्या जागी आवाज पोचट येतो. तो सांधा सरसानेच चिकटवून घ्यायचा. फेव्हिकॉल कधीच नाही: सरस गरम पाण्याने सुटतो, फेव्हिकॉल सुटत नाही, आणि पुढच्या दुरुस्तीत फळी फाटते.

एसीच्या खोलीतून वाद्य थेट दमट हवेत काढू नका, केस बंद ठेवून अर्धा तास जाऊ द्या. गजाचे केस दमट हवेत लांबतात, म्हणून ताण पुन्हा पुन्हा बघा. मधोमध काठी आणि केस यांत ८ ते १० मिमी फट पुरे. वाजवून झाले की केस सैल करा.

कोकणकडा:

मग वरच्या दोन गट आणि खालच्या दोन स्टीलच्या, असे मिश्रण चालेल का?

पणजीकर:

उलटे करा. खाली धातू गुंडाळलेल्या गटच्या सी आणि जी, वर स्टीलच्या ए आणि डी. दमट हवेत आधी दगा देते ती साधी गट ए, तीच काढून टाकली की निम्मा त्रास संपतो, आणि खर्जाचा जुना रंग राहतो. तारा एकदम चारही काढू नका, एकेक बदला, नाहीतर साउंडपोस्ट (वाद्याच्या आतली आधाराची काठी) पडतो. स्टीलचा ताण जास्त असल्याने पहिले आठ-दहा दिवस रोज ब्रिज पाहा: टेलपीसकडची (तारांची खालची टोके अडकवलेल्या पट्टीकडची) बाजू फळीला काटकोनात हवी. तो फिंगरबोर्डकडे झुकायला लागतो, कारण सूर चढवताना तार त्याला ओढते. खाचेत पेन्सिलीचे शिसे फिरवा, तार सरकते आणि ब्रिज जागेवर राहतो.

कोकणकडा:

आभारी आहे. या गणपतीआधीच करून घेतो.

पणजीकर:

गणपतीनंतर करा. सप्टेंबर सरला की हवा उतरते, नव्या तारा बसायला ते दिवस चांगले.